आळणी जेवायला लावणारी कादंबरी

मी एक जुनी कादंबरी आहे, मित्रांनो. चामड्याच्या बांधणीची, सोनेरी अक्षरांची, काचेच्या कपाटात मिरवणारी नव्हे. तसली पुस्तकं मी पाहिली आहेत. त्यांची पानं अजून एकमेकांना चिकटलेली असतात आणि मालक मात्र पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो की हे सगळं आमचं केव्हाच वाचून झालंय. माझ्या पानांना तंबाखूचा वास येतो, कडा घामाने पिवळ्या पडल्या आहेत, आणि माझी सुटलेली पाठ एका बाईने पोतं शिवायच्या दोऱ्याने टाचून दिली आहे. मला त्याची लाज वाटत नाही.

विसावं शतक नुकतं उजाडलं होतं तेव्हा बार्सेलोनातल्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. त्या दिवसांत तिकडे गूढविद्येचं खूळ माजलं होतं. ज्यांना पोटाची काळजी नव्हती अशी माणसं टेबलाभोवती हात धरून बसत आणि मेलेल्यांना हाका मारत. अशाच एका गृहस्थाने मला लिहिलं. त्याचं नाव माझ्या मुखपृष्ठाबरोबर केव्हाच फाटून गेलं, आणि गेलं ते बरं झालं. मला त्याने नाव दिलं ‘पाण्याआडचं घर’.

माझ्यात एक श्रीमंत विधवा आहे, लेओनार्दा. बर्फ पडणाऱ्या एका शहरात ती राहते. नवरा गेल्यावर तिच्याकडे डॉक्टर सिर्वाल नावाचा काळ्या हातमोज्यांचा माणूस येतो आणि तिला सांगतो की मेलेली माणसं कुठे जात नाहीत, पाण्याच्या आड राहतात. पांढरं वस्त्र नेसायचं, खिडकी लावून घ्यायची, रुंद भांड्यात पाणी भरून समोर बसायचं आणि मीठ सोडायचं. जिभेला मीठ लागलं की मेलेला माणूस दूर पळतो, असा सिर्वालचा नियम. लेओनार्दा हे सगळं करते आणि बऱ्याच प्रकरणांनंतर तिला पाण्यात नवऱ्याचा चेहरा दिसतो. हे लिहिणारा रोज तिन्हीत्रिकाळ चमचमीत जेवत असणार, याबद्दल मला शंका नाही.

बोटीतून मी प्वेर्तो रिकोला आले आणि डोंगरातल्या कायेय गावी तेलेस्फोरोच्या हाती पडले. तेलेस्फोरो कायेयच्या चिरूट कारखान्यात वाचक होता. त्या मुलखात तेव्हा प्रत्येक मोठ्या कारखान्यात असा एक माणूस असायचाच. चिरूट वळणारे रांगेने टेबलांशी बसतात, हात पानांवर चालत असतात, आणि उंच ओट्यावर खुर्ची टाकून वाचक दिवसभर मोठ्याने वाचतो. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी पुस्तक. त्याला मालक नेमत नाही, कामगार नेमतात. कुठलं पुस्तक वाचायचं तेही कामगार हात वर करून ठरवतात. वाचलेलं आवडलं तर पान कापायचं अर्धगोल पातं टेबलावर ठोकतात, नाही आवडलं तर ते जमिनीवर टाकतात. आणि पुस्तक संपलं की सगळे मिळून ठोकतात, चांगलं लांबवर, छपरावरचे पारवे उडेपर्यंत.

तेलेस्फोरो उंच, किडकिडीत, एकटा राहणारा. आवाज मात्र असा की शेवटच्या टेबलावरच्या बहिऱ्यालाही वाटावं, हा माझ्याशीच बोलतोय. त्याचा एकच हट्ट होता. छापलेलं असेल ते वाचायचं, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. एकदा मालकाचा माणूस त्याला गुपचूप सांगून गेला की वर्तमानपत्रातली मजुरीची बातमी उद्या गाळ, तुझं भलं होईल. दुसऱ्या दिवशी तेलेस्फोरोने ती बातमी वाचली, पुन्हा वाचली, आणि वर मालकाचा निरोपही वाचून दाखवावा तसा सांगून टाकला. तेव्हापासून कारखान्यात त्याचं नाव मास्तर. ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यासाठी वाचणाऱ्याचं तोंड हेच सगळं असतं, मित्रांनो. ते एकदा फिरलं की माणूस आंधळ्यासारखा होतो. शिकलेल्या लोकांना हे कळत नाही, कारण त्यांना कुणी कधी खोटं वाचून दाखवलेलं नसतं.

मला निवडलं गेलं ते थोड्याच मतांच्या फरकाने. एर्मोहेनेस नावाचा वळणारा कामगारांच्या बैठकीचा म्होरक्या होता. बुटका, दांडग्या मनगटांचा, क्रांतीची पुस्तकं सोडून दुसरं काही नको म्हणणारा. मला पाहून तो म्हणाला, “भुताची गोष्ट ऐकत वळलेला चिरूट पेटणार तरी आहे का?” लोक हसले, पण हात माझ्या बाजूने वर गेले. आणि मग काय सांगू? पहिल्या प्रकरणापासून पाती वाजू लागली. एर्मोहेनेसही तोंड वाकडं करून ऐकत राही आणि सिर्वाल आला की हळूच पातं ठोकी. ते माझ्या आयुष्यातले फार सुखाचे दिवस होते. शेकडो कान, शेकडो हात, आणि मधून मधून कॉफीचा वास.

त्या दालनाला फळ्यांची एक भिंत होती, वरून मोकळी. तिच्या पलीकडे बायका बसत. तंबाखूच्या पानाची मधली शीर ओढून काढायची, दोन्ही बाजू वेगळ्या रचायच्या, हे त्यांचं काम. वाचकासाठी त्यांच्याकडून कुणी वर्गणी घेत नसे, म्हणून त्यांना मतही नव्हतं. ऐकू मात्र सगळं यायचं. फुकटचं ऐकतात असं पुरुष म्हणत. त्या पुरुषांना लाज नव्हती असंच मी म्हणेन, कारण सगळ्यात जीव लावून मला त्या भिंतीपलीकडेच ऐकत.

तिथे ओब्दुलिया होती. तिचा नवरा एलादियो उसाच्या मळ्यावर काम करायला हवाई बेटांवर गेला होता. कायेयहून तेव्हा पुष्कळ गेले. बोटीत बसताना त्यांना सांगितलं होतं की वर्षभरात परत याल. वर्षं उलटली, आणि अखेर त्याच्याबरोबर गेलेला एक शेजारी परत आला आणि म्हणाला, एलादियो तापाने गेला, तिथेच पुरला. ओब्दुलिया रडली नाही. सासूबरोबर राहत होती, राहत राहिली. कामावर येत होती, येत राहिली. थडगं नाही, हाडं नाहीत, एक सदरासुद्धा नाही. अशा बाईच्या कानात मी जाऊन पडले.

आता घडलं ते नीट ऐका. लेओनार्दाला पाण्यात नवऱ्याचा चेहरा दिसला. तेलेस्फोरोने ते वाक्य आपल्या खास आवाजात वाचलं, “आता मी कधीच एकटी असणार नाही.” तेवढ्यात दारातून एक माणूस वर्तमानपत्र घेऊन धावत आत आला. शेजारच्या काग्वास गावच्या कारखान्यात कामगारांनी काम बंद पाडलं होतं. तेलेस्फोरोने मला मिटलं आणि मुकादमाला ऐकू जाऊ नये म्हणून ओट्यावरून खाली वाकून, आवाज दाबून ती बातमी वाचली. ती संपली आणि सगळी पाती एकदम टेबलांवर पडू लागली. किती वेळ तरी. पारवे उडाले. मग माणसं उठली आणि काम टाकून बाहेर पडली.

भिंतीपलीकडे बातमी ऐकू गेलीच नव्हती. बायकांनी ऐकलं ते एवढंच: आता मी कधीच एकटी असणार नाही, मग शांतता, आणि मग तो लांबलचक ठोका. त्यांनी डोळे पुसले. त्यांच्या मते पुस्तक संपलं होतं; संपाचं मागाहून कळलं, तरी त्या ठोक्याचा अर्थ त्यांनी तोच धरला.

संप बरेच दिवस चालला. पुन्हा कारखाना उघडला तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात आग होती, एर्मोहेनेसने क्रांतीचं एक जाडजूड पुस्तक पुढे केलं आणि मला तेलेस्फोरोच्या घरी फळीवर जावं लागलं. कारखान्याचा नियमच होता की अर्धवट टाकलेलं पुस्तक बैठकीने पुन्हा मागितल्याशिवाय ओट्यावर येत नाही. पुरुषांना ठाऊक होतं की मी अर्धी राहिले. पण ते त्यांनी बायकांना सांगितलं नाही आणि बायकांनी विचारलं नाही.

मी फळीवर धूळ खात होते आणि गावात माझं राज्य चाललं होतं. बायकांनी मला ओढ्यावर नेलं, कपडे आपटता आपटता शेजारणींना सांगितलं, त्यांनी आपल्या आयांना सांगितलं. घराघरात खिडकीशी पाण्याची भांडी दिसू लागली. पोरींची नावं लेओनार्दा ठेवली जाऊ लागली. एका तिरसट बोकडाला लोक सिर्वाल म्हणू लागले आणि तो त्या हाकेला मानही वळवी. चर्चमधल्या पाद्र्याने रविवारी माझ्या नावाने शंख केला, त्यामुळे ज्यांनी मला ऐकलं नव्हतं तेही चौकशी करू लागले. दुकानदार कुरकुरत होता की मीठ खपत नाही. मला खरं सांगायला हरकत नाही, मी फुलून गेले होते. छापखान्यातून निघालेल्या कुठल्या पुस्तकाला असं भाग्य लाभतं? पाहुणे आले की तेलेस्फोरो हसत हसत या गमती सांगे आणि मी फळीवरून ऐके.

हळूहळू लोक कंटाळले. भांड्यांत डास झाले. बिनमिठाचा भात आणि राजमा नवऱ्यांना जाईना. एकेक करून सगळ्यांनी सोडून दिलं. ओब्दुलियाने सोडलं नाही.

हे मला कळलं ते एका रविवारी दुपारी. तेलेस्फोरो दारात कॉफी पीत बसला होता. ओब्दुलियाची सासू रुपेर्ता आली. म्हातारी काठीसारखी ताठ, तोंडात विझलेला चिरूट. तेलेस्फोरोच्या आईची ती मैत्रीण, त्याला लहानपणी तिने न्हाऊ घातलेलं, त्यामुळे मास्तरबिस्तर ती म्हणत नसे.

तिने बसल्या बसल्या सगळं सांगितलं. ओब्दुलिया महिनोन्‌महिने आळणी जेवते. खारवलेला बाकालाओ मासा ताटात आला तर ताट सरकवते. उन्हाळ्यात त्या कोंदट दालनात दिवसभर घाम गाळायचा आणि अंगात मिठाचा कण नाही. पायात गोळे येतात, डोळ्यापुढे अंधारी येते, गालाची हाडं वर आली आहेत. खिडकी बंद, समोर भांडं. म्हणते, मला अजून दिसत नाही, कारण मी लेओनार्दाएवढी शुद्ध झाले नाही.

“तो तिचा नवरा होता, तसा माझा मुलगाही होताच ना रे,” रुपेर्ता म्हणाली. “मी खाते ना मीठ? मी काय त्याला विसरले?”

मग तिने खरं कारण सांगितलं. बाजारात एर्मोहेनेसने तिला टोमणा मारला होता की तुझी सून अर्ध्या पुस्तकावर उपास करतेय. तेव्हा तिला कळलं की माझा शेवट अजून कुणी ऐकलेलाच नाही. म्हणून ती आली होती. शेवटी तरी ती बर्फातली बाई शहाणी होत असेल, तेवढं वाचून दाखव म्हणजे झालं.

तेलेस्फोरोने मान खाली घातली. त्याने मला आधीच पुरतं वाचलं होतं, वाचक नेहमी पुढचं वाचून ठेवतो. तो उठला, मला खाली काढलं, धूळ झटकली आणि शेवटचं पान म्हातारीला हळू आवाजात वाचून दाखवलं.

मित्रांनो, माझ्या शेवटच्या पानावर लेओनार्दा मीठच नाही, अन्नच सोडते. बर्फ पडत असतं, मेणबत्ती जळत असते, आणि ती पाण्यात तोंड घालून हसत हसत मरते. सिर्वाल म्हणतो की ही पोहोचली. आणि माझ्या लेखकाने खाली एक सुंदरसं फूल छापून घेतलंय.

रुपेर्ताने पुढे वाकून त्या फुलाकडे पाहिलं. मग विचारलं, “कुणी लिहिलंय हे?”

“बार्सेलोनातल्या एका गृहस्थाने.”

“बायको होती त्याला?”

“माहीत नाही, मावशी.”

“नसणार. असती तर ताटावरून उठवून हाकलला असता.” तिने विझलेला चिरूट तोंडातून काढला. “बरं. मग दुसरं काहीतरी वाच. कुणाला कळणार आहे? तिला कुठे अक्षर येतं?”

तेलेस्फोरो म्हणाला की ते जमणार नाही. हवं तर आपण तिला समजावू, डॉक्टरला बोलावू, पण पुस्तक हातात धरून खोटं वाचणं त्याच्याने होणार नाही. एवढ्या वर्षांत त्याने एक शब्द बदललेला नाही, आणि कारखाना त्याला पोसतो तो तेवढ्यासाठीच. समजावून झालंय, रुपेर्ता म्हणाली, डॉक्टरही येऊन गेला. तिला माणसांचं ऐकायचं नाही, पुस्तकाचं ऐकायचं आहे.

“मावशी, आज तिच्यासाठी बदललं तर उद्या कुणासाठी बदलू?”

“मग तुझा खरेपणा तिच्या शवपेटीत ठेव,” रुपेर्ता उठत म्हणाली. “उशाला बरा होईल.”

ती गेली. तेलेस्फोरोची कॉफी तशीच राहिली. मी त्याच्या मांडीवर उघडी होते आणि मला माझ्या त्या छापील फुलाची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी त्याने मला पिशवीत घातलं, का ते मला कळलं नाही. बहुतेक त्यालाही कळलं नसावं. सकाळी तो ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होता. फळ्यांच्या भिंतीपलीकडे एक टोपली पडली आणि तिच्यामागून काहीतरी जड पडलं. बायकांचा गलका झाला. ओब्दुलिया कोसळली होती. तेलेस्फोरो अर्ध्या वाक्यावर थांबला. त्याला अर्ध्या वाक्यावर थांबलेलं कारखान्याने कधी पाहिलं नव्हतं.

तिला शुद्धीवर आणलं, वारा घातला. घरी जा म्हटलं तर ती उठेना. भिंतीपलीकडून तिचा बारीक आवाज आला. सासूने काल तिला बोलता बोलता सांगून टाकलं होतं की पुस्तक पुरं झालेलंच नाही.

“मास्तर, लेओनार्दाने पुढे काय केलं तेवढं सांगा. मी तेच करीन.”

सगळं दालन ऐकत होतं. एर्मोहेनेस उठून म्हणाला की बैठकीने हे पुस्तक मागितलेलं नाही, नियम म्हणजे नियम, भुतांसाठी काही तो मोडायचा नाही. पलीकडून एका बाईने विचारलं की तुमच्या बैठकीत आम्हाला कधी हात वर करू दिलात ते आधी सांगा. दुसरी म्हणाली, “हात वर करायचा तर आमचे दोन्ही आहेत, पण पानं कोण ओढणार मग, तुम्ही?” एर्मोहेनेसचा चेहरा लाल झाला. तो बसला.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली. तेलेस्फोरो ओट्यावरून उतरला, पिशवीतून मला काढलं आणि फळ्यांच्या भिंतीतलं दार उघडून बायकांच्या दालनात गेला. वाचक तिकडे कधी गेला नव्हता. कुणीतरी त्याला एक टोपली पालथी घालून दिली. ओब्दुलिया भिंतीला टेकून बसली होती, पांढरा झगा अंगावर सैल झालेला, डोळे मोठे. रुपेर्ता जेवणाचा डबा घेऊन आली होती, ती दाराशीच उभी राहिली. भिंतीवरून पुरुषांची डोकी दिसू लागली.

त्याने मला उघडलं. पहिली पानं त्याने जशीच्या तशी वाचली. लेओनार्दा, मेणबत्ती, बर्फ. मग ते पान आलं जिथे ती अन्न दूर सारते. तिथे तो थांबला. मला वाटलं, आता हा खरं वाचणार आणि ही बाई मरणार, आणि मारेकरी मी.

तेलेस्फोरोने पान उलटलं आणि माझ्याकडे न बघता बोलू लागला.

मित्रांनो, त्याने आयुष्यभर गोष्टी वाचल्या होत्या, पण रचलेली एकही नव्हती. सुरुवातीला फार अडखळला. म्हणाला, त्या सकाळी पाण्यात लेओनार्दाच्या नवऱ्याचे ओठ हलले. इतके दिवस चेहरा नुसता असायचा, आज तो बोलला. आणि त्याने काय विचारलं? प्रेमाचं नाही, परलोकाचं नाही. त्याने विचारलं, आज काय जेवलीस? बाजारात कोण भेटलं? शेजारीण अजून तशीच भांडते का? लेओनार्दाकडे सांगायला काहीच नव्हतं. खिडकी बंद होती, ताट रिकामं होतं, तिच्या दिवसात काही घडतच नव्हतं. तेव्हा तो म्हणाला, बाई, मी इथे पाण्याआड ताटकळत बसलोय, जगातली एक बातमी कानावर येत नाही, आणि तू येतेस ती रिकाम्या हाताने. जा, जेव, चार माणसांत मिसळ, भांड, हस. मग येऊन मला सांग.

कुणी हललं नाही. भिंतीवरची डोकीही नाहीत.

मग लेओनार्दाने खिडकी उघडली, तेलेस्फोरो पुढे म्हणाला. आता त्याचा आवाज सापडला होता, तोच शेवटच्या टेबलापर्यंत जाणारा. ती स्वयंपाकघरात गेली आणि स्वयंपाकिणीला म्हणाली, मला भूक लागलीय. इथे त्याची पंचाईत झाली. बर्फातली श्रीमंत बाई काय खाते हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार? त्याने माझ्यातच कुठेतरी वाचलं असेल, पण त्या घटकेला त्याला आठवलं नाही. तो म्हणाला, स्वयंपाकिणीने तिला वाढला बाकालाओ, उकडलेली हिरवी केळी आणि वरून कांदा.

एक बाई फिस्सकन हसली. मग सगळ्याच. भिंतीवरून एर्मोहेनेसने खोकला काढला, पण तो हसूच दाबत होता. तेलेस्फोरो कानापर्यंत लाल झाला आणि माझ्या पानात तोंड खुपसून म्हणाला, आणि तिने पोटभर खाल्लं, इथे पुस्तक संपलं.

ओब्दुलिया हसली नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने सासूकडे हात केला आणि रुपेर्ताने डबा तिच्यासमोर ठेवला. तिने पहिला घास घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं, इतक्या दिवसांनी मीठ जिभेला झोंबलं. मग दुसरा घेतला. रुपेर्ता पाठ वळवून खिडकीबाहेर बघत होती, पण तिचे खांदे मला दिसत होते.

संध्याकाळी एर्मोहेनेसने मला मागून घेतलं. त्याला अक्षर येत होतं, सावकाश, ओठ हलवत. दोन दिवस मी त्याच्या घरी होते. शेवटचं पान त्याने बोट ठेवून ठेवून वाचलं. परत देताना तो तेलेस्फोरोला एवढंच म्हणाला, “हे मी वाचलेलं नाही. पण वर्तमानपत्रातला एक शब्द बदललास मास्तर, तर माझं पातं जमिनीवर पडेल आणि तुझी खुर्ची दाराबाहेर.” तेलेस्फोरो म्हणाला, पडायलाच हवं. पुढच्या बैठकीत एर्मोहेनेसनेच ठराव आणला की बायकांनाही मत असावं. तो मंजूर झाला, पण काठावर. विरोधात हात वर करणाऱ्यांची नावं मला ठाऊक आहेत, त्यांच्या नातवंडांची मान खाली जायला नको म्हणून सांगत नाही.

ओब्दुलिया सावरली. गालावर मांस आलं. खिडकीशी भांडं तिने ठेवलं, पण आता त्यात ती पुदिन्याची जुडी घाली, आणि कधीमधी समोर बसून दिवसाच्या बातम्या सांगे. पाण्यात कुणी होतं की नव्हतं? मला विचारू नका. मी कादंबरी आहे, माझ्यात लिहिलं तेवढंच मला माहीत, आणि तेही धड नाही.

बऱ्याच दिवसांनी ती तेलेस्फोरोच्या घरी आली. माझी पाठ सुटली होती, ती शिवून द्यायला. दोरा ओढता ओढता तिने सहज विचारलं, “मास्तर, त्या बर्फाच्या गावात बाकालाओ मिळतो का हो?”

“पुस्तकात आहे तसं,” तेलेस्फोरो म्हणाला. त्याला खोटं बोलायची सवय नव्हती, तो लगेच उठून कॉफीचं भांडं उगीच हलवू लागला.

“दाखवा बघू कुठे आहे.”

त्याने मला तिच्या हातातून घेतलं, शेवटचं पान उघडलं आणि मला परत दिलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण खोटं बोलणाऱ्या माणसाचं तोंड तिला वाचता येत होतं. त्याच्या तोंडाकडे बघत तिने बोट ओळीओळीने खाली नेलं आणि थांबवलं ते नेमकं त्या ओळीवर, जिथे लेओनार्दा मरते. बोट थोडा वेळ तिथेच राहिलं. त्या छापील फुलावर तिने नखाने एक रेघ ओढली.

“छान लिहिलंय,” ती म्हणाली. “एवढं सुंदर तुम्हालाच वाचता येतं, मास्तर.” आणि पुन्हा शिवायला लागली.

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले आहे. तेलेस्फोरो गेला, कारखान्यात यंत्रं आली, यंत्रांच्या आवाजात वाचणाऱ्याचं कुणाला ऐकू येईना, आणि ओटा मोडून त्याची लाकडं कुणीतरी नेली. मी ओब्दुलियाच्या घरी फळीवर आहे. वाळवी अजून लागलेली नाही. अधूनमधून कुणी मला खाली काढतं आणि लेओनार्दाची गोष्ट वाच म्हणतं, आणि वाचणारा शेवटच्या पानावर आला की घरातली म्हातारी माणसं त्याच्या हातून मला काढून घेतात आणि पुढचं तोंडी सांगतात. बाकालाओसकट. माझी काही तक्रार नाही. मी सुखात आहे.

तुमच्याकडेही पुस्तकं असतील. त्यांची पानं दुमडू नका, ओल लागू देऊ नका, सुटली तर शिवा. आम्हाला कपाटात कोंडून पूजा करू नका, आम्ही देव नाही. आमच्यातली कित्येक भरल्या पोटी लिहिलेली असतात, हे विसरू नका. आणि कधी असं झालं की माझ्यासारख्या एखादीच्या पानावर कुणी फुलाफुलांत मरत असेल आणि समोर बसलेलं माणूस ते ऐकून ताट दूर सारत असेल, तर खुशाल पान उलटा आणि तोंडाने दुसरं काहीतरी सांगा. मी रागावणार नाही.